दारातले माकड : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पर्वरीच्या फ्लॅटपासून सत्तरीच्या कुळागरापर्यंत, माकडांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक येथे घेतली आहेत. उत्तरे वन्यजीव बचावकार्य, पशुवैद्यक, बागायती आणि वीजवाहिन्यांची देखभाल या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मिळून दिली आहेत.

आधी एक खुलासा. गोव्यात घरांजवळ दिसणारी माकडे दोन प्रकारची. एक लालसर तोंडाचे, डोक्यावर केसांची टोपी असलेले माकड. पेडणे-सिंधुदुर्गाकडे त्याला केलडी म्हणतात. दुसरा काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर. घरात शिरून डबे उघडणारे बहुधा पहिले असते. वानर मुख्यतः पाला, कोवळे कोंब आणि कच्ची फळे खातो. उपाय ठरवताना आपल्याकडे कोण येतो हे नक्की करून घ्या.

प्रश्न : आमच्या पर्वरीच्या सोसायटीत माकडे तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. गॅलरीतून आत शिरून पाव, केळी, एकदा तर साखरेचा डबाच नेला. वर्गणी काढून पकडणारा माणूस आणायचा आणि सगळी टोळी मोलेच्या जंगलात सोडायची, असे सभेत ठरते आहे. योग्य आहे का?

उत्तर : नाही. तो ठराव कृपा करून मंजूर करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि टोपीवाले माकड आज पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, विष घालणे, जखमी करणे हे सगळे त्यात येते. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. पकडायचेच असेल तर तो निर्णय वन खात्याचा, सोसायटीचा नव्हे.

कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय फसतो. टोळीत पंधरा-वीसपासून तीस-चाळीसपर्यंत माकडे असतात आणि पिंजऱ्यात सगळी कधीच येत नाहीत. माद्या जन्मभर आपल्या टोळीत राहतात, नर वयात आले की दुसरीकडे जातात. त्यामुळे मोठ्या माद्या उचलल्या की टोळीची घडीच मोडते, उरलेली दोन गटांत फुटतात आणि एका टोळीच्या जागी दोन होतात. मोल्याला सोडलेल्यांना तिथल्या टोळ्या हुसकावून लावतात. ज्यांना स्वयंपाकघर ठाऊक आहे ती सरळ जवळची वस्ती गाठतात. म्हणजे तुमचा त्रास मोल्यातल्या एखाद्या घरी जातो, आणि तुमच्याकडे अन्न तसेच उघडे असल्याने रिकामी झालेली जागा शेजारची टोळी घेते.

करायचे काम कमी खर्चाचे आहे, पण सगळ्यांनी एकदम करायला हवे. खिडकीला एक इंच चौकोनाची वेल्ड केलेली लोखंडी जाळी लावा, तार दोन मिलिमीटरची. डासांची जाळी माकड बोटाने फाडते. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी एक तार तुटली की सगळी उसवते. नायलॉनची कबुतरजाळी तर लावूच नका, तिच्यात पिल्लांची मान आणि बोटे अडकतात. ग्रील पुरेशी नसते. चार इंचांच्या फटीतून अर्धवट वाढलेले माकड सहज आत येते. सरकत्या काचेची खिडकी ते तळहाताने ढकलून उघडते, म्हणून खालच्या खाचेत मापाची लाकडी पट्टी आडवी टाकून ठेवा. साधी कडीही त्याला उघडता येते, कोयंड्यात खिळा किंवा हूक अडकवा. टाकीचे झाकण बोल्टने आवळा.

ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नका, गाडी यायच्या वेळीच खाली न्या. सामाईक ड्रमला घट्ट आवळणारे झाकण हवे आणि ड्रम भिंतीला साखळीने बांधलेला हवा, कारण झाकण निघाले नाही तर माकड ड्रमच आडवा करते. आवारातले पेरू, पपई, चिकू झाडावर पिकू देऊ नका.

यानंतरचे तीन-चार आठवडे जड जातात. जिथे रोज मिळत होते तिथे मिळेनासे झाले की माकड आधी जास्त जोर लावते, खिडक्या हलवते. सोसायट्या इथेच हार मानतात. याच दिवसांत एका घराची खिडकी उघडी राहिली आणि दहा फेऱ्यांतून एकदा पाव मिळाला, तर टोळी उरलेल्या नऊ फेऱ्याही चिकाटीने मारत राहते.

आणि माकड आत असेल तेव्हा दारात उभे राहू नका. तीच त्याची बाहेर जायची वाट असते. बाजूला सरा, दुसरे दार उघडा, काठी जमिनीवर आपटा. हातातले अन्न परत ओढू नका. दात दाखवून हसू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका. रोखलेली नजर आणि उघडे तोंड ही माकडांत धमकी असते.

प्रश्न : सत्तरीत आमचे कुळागर आहे. माड, पोफळी, केळी, थोडी मिरी. माकडे कोवळे नारळ पाडून टाकतात. सौर कुंपण घातले, दोन महिने बरे गेले, आता माकडे त्याच्यावरून चालतात. पैसे वाया गेले का?

उत्तर : वाया गेले नाहीत. बहुतेक ते कुंपण गुरे आणि रानडुकरे डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले असणार. डुक्कर जमिनीवर उभे राहून तारेला शिवते, धक्का त्याच्या अंगातून जमिनीत जातो आणि मंडल पुरे होते. माकड खांबावरून चढते. त्याचा पाय जमिनीला लागलेलाच नसतो, म्हणून एकट्या तारेचा त्याला धक्काच बसत नाही. माकडांसाठी तारा एकाआड एक लावाव्या लागतात, एक प्रवाहाची आणि एक अर्थिंगची, म्हणजे जमिनीला जोडलेली, दोहोंत चार ते सहा इंच अंतर ठेवून. दोन्हीला एकदम हात किंवा पाय लागला की धक्का बसतो. खाली तीन फूट जाळी आणि वर अशा सहा-सात तारा, ही मांडणी चांगली चालते. खांबांवर पीव्हीसी नळी चढवा, नाहीतर तीच शिडी होते.

दुसरी गोष्ट अर्थिंग. आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मे मध्ये ती इतकी कोरडी पडते की सळईला ओलच मिळत नाही. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या तीन सळया, प्रत्येकी पाच-सहा फूट खोल, एकमेकींपासून दहा फुटांवर. भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी पाणी. पावसात नेमके उलटे होते. गवत आणि वेल तारांना टेकतात आणि दाब उतरतो. कुंपणासाठीचा व्होल्टमीटर लावून बघा. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला चार हजार व्होल्टच्या खाली आकडा गेला तर माकड त्याला फारसे जुमानत नाही. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी खालचे गवत कापा.

तिसरी गोष्ट फांद्या. कुंपणाबाहेरच्या झाडाची फांदी आत झुकलेली असेल तर सगळे कुंपण निरुपयोगी. दोन्ही बाजूंनी दहा फूट मोकळे ठेवा. वानर येत असेल तर त्याहून जास्त, त्याची उडी मोठी असते.

एक हात जोडून सांगणे आहे. घरच्या विजेची तार कुंपणाला कधीही जोडू नका. कुंपणाचे यंत्र सेकंदाला साधारण एकदाच, क्षणभराचा झटका देते, म्हणून जीव चटकन हात मागे घेतो. घरची वीज सलग असते आणि धरून ठेवते. अशा कुंपणांनी माकडे मरतात, गवे मरतात, आणि पहाटे बागेत गेलेली माणसेही मरतात.

एकट्या उभ्या असलेल्या माडाला पत्र्याचा पट्टाही चालतो. उंदरांसाठी लावतात तो दीड फुटाचा माकड एका झेपेत ओलांडते, म्हणून तीन फूट रुंद गुळगुळीत पत्रा जमिनीपासून सहा-सात फुटांवर गुंडाळा. खिळे मारू नका, खोडाच्या जखमेतून सोंड्या भुंगा शिरतो. तारेने बांधा, वर्षातून एकदा तार सैल करा. नारळ पाडणाऱ्या पाडेलीला चढायचे असते, तेव्हा पत्रा सोडवता येईल अशी गाठ ठेवा. माडांच्या झावळ्या एकमेकींना लागत असतील तर पट्ट्याचा उपयोग नाही. कडेच्या ओळीत हळद, आले, सुरण घ्या. माकडे त्यांच्या वाटेला फारशी जात नाहीत. कुंपणाच्या अनुदानासाठी विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. नुकसान झाले की त्याच दिवशी फोटो काढा आणि अर्ज द्या, नारळ उचलून टाकल्यावर पंचनामा कशाचा करणार?

प्रश्न : फटाके, छऱ्याची बंदूक, कार्बाइडची नळी यांतले काय वापरावे?

उत्तर : यांतले काहीच नाही. फटाक्याच्या आवाजाला माकडे काही दिवसांत सरावतात. छऱ्याने जखमी झालेले माकड दिवसेंदिवस कुजत मरते, आणि तो गुन्हा आहे. कार्बाइडच्या नळीने तर ती वाजवणाऱ्याचेच डोळे जातात. आवाजच करायचा तर पत्र्याचा डबा वाजवा आणि टोळी पलीकडच्या रानात शिरेपर्यंत तिच्या मागे जा. रखवालदार रोज हजर असेल तरच हे जमते.

प्रश्न : फोंड्याजवळ आमच्या वाड्यावर एक मादी विजेच्या तारेला चिकटून मेली. पिल्लू तिच्या पोटाला तसेच धरून होते. लोक घाबरून उभे राहिले, कुणाला काही सुचेना. अशा वेळी काय करायचे?

उत्तर : हा प्रश्न आम्हांला फार वेळा येतो आणि दर वेळी जिवाला लागतो.

सर्वांत आधी पिल्लाकडे धावू नका. तार जिवंत असू शकते, आणि मेलेल्या मादीच्या अंगातूनही वीज येते. विद्युत खात्याला १९१२ वर फोन करून वाहिनी बंद करायला सांगा आणि खांबाचा क्रमांक कळवा, तो खांबावर रंगवलेला असतो. तार खाली पडली असेल तर तीस फुटांच्या आत कुणाला जाऊ देऊ नका. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने वन खात्याला कळवावे.

वाहिनी बंद झाल्याचे लाइनमनने सांगितल्यावर टोळी कुठे आहे ते पाहा. ती जवळ असेल आणि पिल्लू हलते-फिरते असेल तर सगळ्यांनी मागे सरून अर्धा तास वाट पाहावी. कधी कधी दुसरी मादी येऊन त्याला उचलते. पण पिल्लू अगदी लहान असेल, म्हणजे अंगावरची लव अजून काळपट, तोंड गुलाबी आणि सुरकुतलेले, कान डोक्याच्या मानाने मोठे, तर ते दुधावरचे आहे. दूध देणारी मादी मिळाली नाही तर ते जगत नाही.

अशा पिल्लाला जाड टॉवेलात घ्या, उघड्या हाताने नको. मेलेल्या आईच्या अंगावरून त्याला ओढून सोडवू नका, बोटे मोडतात. एकेक बोट सावकाश उकला आणि लगेच त्याच हातात टॉवेलाचा गोळा द्या. त्याला काहीतरी घट्ट धरायचेच असते. धरायला काही मिळाले नाही तर ते थरथरत राहते आणि थकून जाते. भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा, शेजारी कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. गाईचे दूध, साखरपाणी, बिस्किट काहीही देऊ नका. थंडावलेले पिल्लू नीट गिळू शकत नाही, दूध फुप्फुसात जाते आणि वाचलेले पिल्लू दोन दिवसांनी न्यूमोनियाने जाते. ऊब, अंधार, शांतता, आणि लवकरात लवकर वन खात्याच्या बचाव केंद्रात. घरी ठेवून वाढवू नका. माणसाळलेले माकड पुन्हा टोळीत जाऊ शकत नाही.

आता ते पुन्हा होऊ नये म्हणून. एकाच तारेवर बसलेल्या माकडाला काही होत नाही. दुसऱ्या तारेला, किंवा खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीला त्याच वेळी हात लागला की ते जाते. म्हणून बहुतेक मृत्यू खांबाच्या डोक्यावर आणि ट्रान्सफॉर्मरवर होतात. तेवढ्या जागी उपाय केला तरी मोठा फरक पडतो. ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर, म्हणजे तारा जोडतात त्या खुंट्यांवर, इन्सुलेटेड टोप्या आणि जोडतारांवर इन्सुलेशनच्या नळ्या बसवता येतात. उघड्या तारांच्या जागी आवरण असलेली केबल सर्वांत चांगली. पावसाळ्याआधीच्या छाटणीत एक चूक हमखास होते. फांदी तारेपासून तीन-चार फुटांवर कापतात. तेवढे अंतर माकड उडी मारून तारेवरच उतरते. छाटायचे तर दहा फूट छाटा, नाहीतर तिथे केबल टाका. मागणी लेखी करा, खांबांचे क्रमांक आणि मेलेल्या माकडांच्या तारखा लिहा, पंचायतीचा ठराव जोडा. एकाच खांबावर तीन मृत्यू नोंदलेले असले की अभियंत्यालाही काम मंजूर करून घेणे सोपे जाते.

प्रश्न : देवळाच्या आवारात माझ्या सात वर्षांच्या मुलाला माकडाने ओरखडले. रक्त थोडेच आले. इंजेक्शन हवेच का?

उत्तर : हवेच, आणि आजच. गोव्यात रेबीज आता खूप कमी झाला आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, कॉफी पूड काही भरू नका, वरून घट्ट पट्टी नको. लस त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. एकही दिवस चुकवू नका. रक्त आले असेल तर जखमेत अँटी-रेबीज सीरमही द्यावे लागते, म्हणून डॉक्टरांना 'रक्त आले होते' हे स्पष्ट सांगा. धनुर्वाताच्या लशीचेही विचारा.

प्रश्न : काजूच्या बागेत मेलेले माकड सापडले. गडी कामाला यायला तयार नाहीत. त्यांची भीती खरी आहे का?

उत्तर : खरी आहे, पण कशाची भीती ते नीट समजून घ्यावे. माकडताप हा विषाणूचा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ पासून आपल्या सत्तरीत त्याचे रुग्ण सापडले. तो माणसाकडून माणसाला होत नाही. तो मुख्यतः गोचिडी चावल्याने होतो. माकडेही त्याच गोचिडींमुळे आजारी पडून मरतात, आणि मेलेल्या माकडाचे अंग थंड झाले की गोचिडी उतरून भोवतालच्या पाल्यात पसरतात. म्हणून मेलेले माकड ही आपल्याला मिळालेली सूचना आहे. त्याला शिवू नका, पुरू नका, ओढून व्हाळात टाकू नका. आरोग्य केंद्र आणि वन खाते या दोघांनाही कळवा. ते नमुना घेतात, देह जाळतात आणि भोवतीच्या पन्नास मीटरांत कीटकनाशक मारतात. तोवर त्या भागातली बोंडे वेचू नका.

गोचिडींचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. अंगभर कपडे, पायमोजे पँटवर चढवलेले, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचिडीरोधक तेल. पाल्यावर बसू-लोळू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, साबणाने आंघोळ, आणि काखा, जांघा, कानामागे नीट तपासा. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम ताप, डोके आणि अंग ठणकले तर डॉक्टरांना 'काजूत काम करतो' हे आधी सांगा. मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, या तापात रक्तस्राव होऊ शकतो. आणि माकडांना हाकलून रोग जात नाही, गोचिडी तिथेच राहतात.

प्रश्न : शनिवारी माकडांना केळी-चणे घालणे हा आमच्याकडे भक्तीचा भाग आहे. त्यात वाईट काय?

उत्तर : भाव वाईट नाही, परिणाम वाईट होतो. हातातून खाल्लेले माकड पुढच्या वेळी पिशवीतून घेते आणि त्यानंतर लहान मुलाच्या हातातून. मग लोक दगड उचलतात. अनमोड घाटात गाडीतून वेफर टाकणाऱ्यांमुळे माकडे रस्त्यावर बसतात आणि चाकाखाली येतात. वानराला तर पाव आणि गोड खरेच बाधते, त्याचे पोट पाला आंबवून पचवण्यासाठी घडलेले आहे. पुण्य जोडायचे तर देवराईच्या कडेला उंबर, वड, जांभूळ लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला.

प्रश्न : नसबंदी करून संख्या कमी होणार नाही का?

उत्तर : हिमाचल प्रदेशात २००६-०७ पासून नसबंदी चालू आहे, पण ती ऱ्हीसस माकडांची. तो वेगळा प्राणी आणि त्याची संख्याही मोठी. आपले टोपीवाले माकड फक्त दक्षिण भारतात आहे आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ते 'असुरक्षित' म्हणून नोंदलेले आहे. कर्नाटकात रस्त्याकडेची मोठी झाडे तुटत गेली तसतशा तिथल्या टोळ्या निम्म्याहून खाली आल्या. वस्तीत जास्त दिसतात म्हणजे एकूण जास्त झाली असे नाही, ती फक्त आपल्या जवळ आली आहेत. शिवाय नसबंदी केलेले माकडही पुढची दहा-पंधरा वर्षे खायला येतच राहते.

प्रश्न : रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची झाडे गेली. आता माकडे जमिनीवरून ओलांडतात आणि गाड्यांखाली येतात. पंचायत खर्च करायला तयार आहे. दोरीचा पूल खरेच चालतो का?

उत्तर : चालतो, जागा बरोबर निवडली तर. केनियात दियानीच्या किनारी रस्त्यावर कोलोबस माकडांसाठी असे शिडीचे पूल वर्षानुवर्षे वापरात आहेत. आपल्याकडे तमिळनाडूत वाल्पराईला सिंहपुच्छ माकडांसाठी अग्निशमनाच्या जुन्या कॅनव्हास नळ्यांचे पूल बांधले आहेत.

महिनाभर सकाळ-संध्याकाळ नोंद करा, टोळी नेमकी कुठून ओलांडते. पूल तिथेच, पन्नास मीटर इकडे-तिकडे नको. उंची रस्त्यापासून किमान साडेपाच मीटर, मधला झोल धरून. विजेच्या तारांपासून निदान तीन मीटर दूर. दोन समांतर दोर, मध्ये फूटभर लांबीच्या पीव्हीसी नळ्यांच्या पायऱ्या, दोन पायऱ्यांत एक फूट अंतर. काथ्याचा दोर नको, आपल्याकडच्या पावसात एका वर्षात कुजतो. १६ मिलिमीटरचा उन्हाला टिकणारा नायलॉन घ्या. झाडाला बांधताना मध्ये जुन्या टायरची पट्टी घाला, नाहीतर दोर सालीत रुतून झाडच मरते. बांधकाम खाते आणि वन खाते दोघांची लेखी परवानगी आधी घ्या. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात प्रत्येक गाठ तपासा.

पहिले काही आठवडे एकही माकड पुलावर येणार नाही. दोन्ही टोकांना पानांच्या ताज्या फांद्या बांधा, पुलावर फळे मात्र ठेवू नका. आधी बहुधा एखादे अर्धवट वाढलेले पोर येईल, दोन पायऱ्या जाऊन परतेल. पिल्लू पोटाशी घेतलेल्या माद्या सर्वांत शेवटी येतात.